खेप

टँकरच्या वहीत पाच रकाने:
तारीख, गाव, निघाले, पोचले, सही.
आज मी एक खेप जास्तीची लिहिली.
गाव: हिलो.
निघाले: दुपारी साडेचार, आपल्या घड्याळानं.
तिकडं तेव्हा पहाटेचे चार.

शिवकांता बिराजदार, वय चौतीस,
विमानं पोचवून देते.
कुणी विकतं, कुणी घेतं, मधे समुद्र पडतो;
तो हिचा धंदा.
एक इंजिन, एक पंखा, एक शिवू.
मागच्या सीटा काढून तिथं पेट्रोलची टाकी
आणि मांडीपर्यंत चढवलेला रबरी सूट, नारंगी,
पडलीच तर दिसावी म्हणून.

गेल्या महिन्यात फोन आला, हाय ना हॅलो:
"दादा, टाकी अर्धी झाली की वळणावर काय करतोस?"
मी म्हणालो, भरलेली गाडी सोपी, रिकामी सोपी.
अर्धीत पाणी पळतं.
तू ब्रेक दाबतेस, ते दाबत नाही.
आत आडव्या पट्ट्या मारून घे, भोकं ठेवून.
"मारल्यात," म्हणाली. "तुझं बघावं म्हटलं."

बापानं दोघांना काही शिकवलं नाही.
तो लातूरच्या धावपट्टीवरची कुत्री हाकलायचा
वर्षातून चारदा, मंत्री उतरणार असले की.
एरवी त्या पट्टीवर मी सायकल शिकलो.
तीही शिकली,
दोन्ही हात सोडून.

रात्री साडेआठ, लामजना पाटी.
लाईट आली तेव्हा माझा सातवा नंबर.
मैनोद्दीन टाकीवर चढून पाईप धरतो.
"आता कुठं आसंल ताई?"
पाण्यावर.
"खाली किती खोल?"
पंधरा हजार फूट, म्हणालो, कुठं कुठं जास्तच.
तो गप्प बसला.
त्याच्या दारातली बोअर आठशे फुटाला
नुसती धूळ फुंकत होती.
आणि वर ती,
तासाला दोन घोट, मोजून.
सोळा तास बसायचं, विमानात बाईची सोय नाही.

माझी अख्खी रात्र तिला एकच दिवस.
सूर्य मागून येऊन तिला गाठतो,
डोक्यावरून जातो, पुढं जाऊन बसतो,
ती अजून पाण्यावरच.

"किनारा दिसेनासा झाला की
इंजिनचा आवाज बदलतो," एकदा सांगत होती.
"काहीच झालेलं नसतं. कान बदलतात."
मला नवल वाटलं नाही.
निलंगा रोडला रात्री दोनला
माझ्याही बॉनेटखाली कुणीतरी खोकतं.

मधे एक जागा येते म्हणे, नकाशावर खूण नसलेली.
तिच्याआधी परत फिरता येतं.
नंतर पुढचंच गाव जवळ.
समोरून वारा असला तर ती जागाही
पुढं पुढं सरकते.
आमच्या हिशेबानं रात्री एकला.

एकला मी विहिरीत पाणी सोडत होतो.
माणसं बॅटऱ्या लावून कठड्यावर,
पाणी खडकावर आपटतंय,
कुणाची तरी घागर कुणाच्या तरी पायावर.
पाणी सोडताना मी रोज इंजिन बंद करतो, डिझेल वाचतं.
आज चावीकडं हात गेला नाही.
"बंद कर की," कुणीतरी ओरडलं.
ऱ्हाऊ द्या, म्हणालो.
एवढंच म्हणालो.

साडेआठ वाजले. पावणेनऊ.
चहा दोनदा गार झाला.
मैनोद्दीन टायर धूत होता,
कालच धुतलेले.

सव्वानऊला फोन.
आधी नुसता वारा, मग कुणीतरी इंग्रजीत हसलं.
"दादा, उतरले. थांब, फोन ठेव,
आधी मोरीत जाऊ दे मला."

पोचले: सव्वानऊ.
सहीचा रकाना तसाच.
सोमवारी ग्रामसेवक वही तपासेल,
चष्मा वर करून विचारेल,
हे हिलो कोणत्या तालुक्यात येतं रे?
सांगेन, साहेब, हवाई.
तो म्हणेल, ते कळलं,
पण टँकर मंजूर कुणी केला?